गाडी नुकतीच रंगवली, पण शेड पटली नाही: आता पुन्हा रंगवायची कशी?

आमच्या घरच्या जुन्या मारुती ८००चा पांढरा रंग पार उडाला होता. रात्री आठ वाजता, ट्यूबलाइटच्या उजेडात, शेड कार्डावरचा बोटभर चौकोन बघून मी बदामी रंग पसंत केला. गाडी तयार होऊन उन्हात उभी राहिली तेव्हा ती मुगाच्या वरणासारखी दिसत होती. घरचे "छान आहे" म्हणाले, पण कुठल्या सुरात म्हणाले ते मला कळलं. अकराव्या दिवशी मी गाडी परत गॅरेजात नेली आणि यावरच गडद निळा मारा म्हणालो. त्यांनीही काही न विचारता मारला. दुसरा हात बसतोय तोच डाव्या दरवाजाच्या खालच्या कडेला रंग उचलला. दुधावरच्या सायीला फुंकर मारली की ती जशी गोळा होते, तशा बारीक सुरकुत्या आल्या आणि बघता बघता वीतभर पसरल्या.

मग कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका जुन्या पेंटरमामांना गाडी दाखवली. त्यांनी दरवाजा सोडून बॉनेटच्या कडेला अंगठ्याचं नख टेकवलं, जरा दाबलं आणि उमटलेली चंद्रकोर मला दाखवली. "वरनं वाळलाय, आत ओला हाय अजून. घाई कुणाला हुती?"

घाई मला होती. त्यानंतरचा दीड महिना मी त्यांच्याकडे जात-येत राहिलो, कागद घेऊन घासायलाही बसलो, आणि जे शिकलो ते इथे लिहितोय. मुख्य गोष्ट आधी सांगतो: शेड बदलायची म्हणून ताजा रंग पत्र्यापर्यंत खरवडायची गरज बहुतेक वेळा नसते. पूर्ण वाळलेला नवा रंग हाच पुढच्या रंगाचा उत्तम पाया असतो. सगळा घोळ होतो तो "पूर्ण" या शब्दाकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

## खाली कुठला रंग मारलाय?

पहिला प्रश्न हाच. आपल्याकडे गॅरेजात अजूनही "ड्युको मारला" असं सरसकट म्हणतात, पण त्या शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

एक, जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग. तो थिनर उडून गेला की वाळतो, बस. त्यात हार्डनर नसतो, म्हणून दहा वर्षांनीही थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो. दुसरा, पीयू किंवा टू-के. म्हणजे हार्डनर घालून मारलेला. हार्डनर आणि रंग यांच्यात रासायनिक क्रिया होऊन पक्कं जाळं तयार होतं आणि एकदा ते झालं की थिनर त्याला सहसा काही करू शकत नाही. हल्ली गाड्यांवर बहुधा खाली रंगाचा बेस आणि वर टू-के क्लिअर, म्हणजे चमक देणारा पारदर्शक थर, असं काम असतं.

पेंटरला बिल आणि डबे मागा. डब्यावर सगळं लिहिलेलं असतं. डबे फेकले असतील तर घरी करायची परीक्षा अशी: डिकीच्या दाराच्या आतल्या कडेसारखी, चटकन नजरेत न येणारी जागा घ्या, पांढऱ्या सुती फडक्यावर टू-केचं थिनर घेऊन अर्धा मिनिट घासा. फडक्याला भराभर रंग लागला आणि खाली प्रायमर दिसू लागला तर एनसी. रंग उतरला नाही, पण जागा चिकट, निस्तेज झाली तर टू-के आहे आणि कच्चा आहे. काहीच झालं नाही तर तुमचं निम्मं काम झालं.

एनसीवर जाड टू-के मारायचा मोह टाळा. आज छान दिसेल, पण खालचा थर थिनर पिऊन फुगतो आणि पुढे आक्रसतो. वर घासल्याच्या रेघा उमटतात, काही ठिकाणी तडे जातात. अशा वेळी खालचं उतरवणंच शहाणपणाचं. खर्च होतो, पण तो एकदाच होतो.

## वाळला म्हणजे किती वाळला?

आमचा दरवाजा का उठला ते मामांनी समजावलं. अकरा दिवसांत क्लिअरचा वरचा पापुद्रा कडक झाला होता, आतला भाग अर्धवट. नव्या बेसमधलं थिनर त्या अर्धवट थरात शिरलं, थर फुगला. फुगलेल्याला पसरायला जागा लागते, खाली तो चिकटलेला, मग उरली दिशा एकच, वर. म्हणून सुरकुत्या. आणि त्या कडेलाच का? कडेला स्प्रे गन वळवताना रंग नेहमी जाड बसतो, आणि जाड रंग सगळ्यात उशिरा वाळतो.

बूथमध्ये भाजलेलं काम असेल, म्हणजे पत्रा ६० अंशांपर्यंत तापवून अर्धा तास ठेवला असेल, तर एक रात्र थंड होऊ दिल्यावर बहुतेक क्लिअर दुसऱ्या दिवशी घासता येतात. नुसतं हवेवर वाळवलं असेल तर महिनाभर धरा. मे महिन्यात थोडं लवकर होतं. पावसाळ्यात, बंद शेडमध्ये, कोल्हापूर-कोकणाकडे तर महिन्याच्या वर. काही कंपन्यांची क्लिअर मारल्यापासून पहिल्या काही तासांत न घासता त्यावर पुन्हा मारता येतात, त्याची वेळ डब्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेली असते. ती वेळ टळली की मधले दिवस सगळ्यात धोक्याचे. मी नेमका त्या मधल्या दिवसांत गाडी घेऊन गेलो होतो.

नखाची परीक्षा वर आलीच. त्याहून खात्रीची परीक्षा कागद देतो. ८०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्याबरोबर वापरायचा पॉलिश पेपर) पाणी घेऊन तळहाताएवढ्या जागेवर हलका फिरवा. ताकासारखं पांढरं, पातळ पाणी सुटलं तर क्लिअर पक्कं झालंय. पेपरला चिकट गोळ्या धरल्या, खोडरबरच्या भुग्यासारखे बारीक धागे निघाले, तर कागद खाली ठेवा, गाडी उन्हात लावा आणि घरी जा. ही परीक्षा छतावर, बॉनेटवर आणि दाराच्या खालच्या कडेला, अशी तिन्ही ठिकाणी करा. छत रोज ऊन खातं, ते आधी वाळतं. छतावरून दाराचा अंदाज बांधू नका.

या थांबण्याचा एक फायदा आहे. पंधरा दिवस ती शेड सकाळच्या कोवळ्या उन्हात, दुपारी, सावलीत, पावसाळी ढगाळ हवेत बघितली की काही जणांना ती आवडू लागते. मला नाही आवडली. पण विचारून बघायला पैसे पडत नाहीत.

## जाडी मोजून घ्या

कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. आपल्या डोक्यावरचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज घ्या. एकदा पुन्हा रंगवली की आकडा २०० ते ३००वर जातो. त्यावर आणखी बेस आणि क्लिअर चढवले की अजून शंभरेक वाढतात.

जाडी मोजायचं छोटं यंत्र जुन्या गाड्या तपासणाऱ्या लोकांकडे असतं, तासाभरासाठी मागून आणा. जाड थर कडक आणि ठिसूळ होतो. एक खडा उडाला की टवका निघतो, उन्हाने पत्रा पसरतो-आकुंचतो तेव्हा तडे जातात. ४००च्या आसपास आकडा आला तर नवं चढवण्याआधी क्लिअर बरंच उतरवून घ्यावं, असं माझं मत झालंय. यंत्र हजारच्या वर दाखवू लागलं तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. ती कुणी, कधी, कशाला भरली याची चौकशी गाडीच्या आधीच्या मालकाकडे करायला हवी होती, आता उपयोग नाही.

## नवी शेड ठरवताना

पहिली चूक इथेच झाली होती, म्हणून दुसऱ्या वेळी मी पेंटरचं डोकं खाल्लं. नियम एकच: कार्डावरून ठरवायचं नाही. टाकाऊ बंपरचा किंवा फेंडरचा वळण असलेला तुकडा घ्या, तोच बेस, तीच गन, तेवढेच हात, आणि वर क्लिअर मारून घ्या. क्लिअरशिवाय बेस मातकट दिसतो, त्यावरून काही कळत नाही. तो तुकडा गाडीच्या दाराला उभा टेकवून बघा, आडवा नाही, कारण दार उभंच असतं. ऊन, सावली आणि ट्यूबलाइट, तिन्हीकडे बघा. दोन शेड एका उजेडात जुळ्या दिसतात आणि दुसऱ्या उजेडात सावत्र. मेटॅलिक असेल तर समोरून आणि तिरकं, दोन्ही बाजूंनी बघा.

खालच्या रंगाचाही हिशेब असतो. बदामीवर गडद निळा दोन-तीन हातांत बसतो. उलट, गडदवर पिवळा, लाल किंवा स्वच्छ पांढरा मारायचा तर ते रंग पारदर्शक पडतात, चार-पाच हात मारूनही खालचं डोकावतं. तेव्हा आधी योग्य करड्या छटेचा किंवा पांढरा सीलर मारून खालचा रंग एकसारखा करतात. किती हात लागतील हे बघायला काळ्या-पांढऱ्या चौकोनांची चिकटपट्टी मिळते. ती त्या तुकड्यावर लावा. चौकोन दिसेनासे झाले की तेवढे हात पुरेत. तीन थरांच्या मोतिया शेडच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. तिथे मधल्या थराचा एक हात कमी-जास्त झाला तरी दार आणि फेंडर वेगळे दिसतात.

छोट्या गाडीला बाहेरून साधारण दोन लिटर बेस आणि दोन लिटर क्लिअर धरून चाला. सगळा बेस एकाच वेळी मिसळून घ्या. दोन डबे आले तर ते एका बादलीत एकत्र ओतून ढवळा, मगच वापरा.

आता आरटीओ. मला खरं तर तो लष्करी हिरवा रंग हवा होता. मामा म्हणाले, "तो मिल्ट्रीचा. आपल्याला चालत न्हाई." खरं आहे ते. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१वा नियम ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांपुरता राखून ठेवतो. बाकी कुठलाही रंग घेतलात तरी आरसी बुकात रंगाची नोंद असते, ती बदलून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही लागतं. हे काम रंग मारायच्या आधी सुरू करा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. आरसीत पांढरी आणि रस्त्यावर निळी गाडी असली की नाक्यावर अडवणाऱ्या हवालदाराला समजावत बसावं लागतं, आणि अपघाताचा दावा करताना त्याहून जास्त.

## उघडणं, धुणं, घासणं

या कामात रंग मारायला एक दिवस लागतो आणि तयारीला चार. गॅरेजवाला उलटं सांगत असेल तर दुसरं गॅरेज बघा.

हँडल, आरसे, दिवे, बीडिंग, अँटेना, नंबरप्लेट, दारांची बाहेरची रबरं काढून ठेवा. नुसत्या चिकटपट्टीवर भागवलं तर रबराच्या कडेला जुन्या शेडची रेघ राहते आणि सहा महिन्यांत तिथूनच पापुद्रा सुटतो. शेड बदलताना आणखी एक निर्णय घ्यायचा असतो: दारांच्या चौकटी, बॉनेटची आणि डिकीची आतली बाजू रंगवायची का? दार उघडलं की आतून बदामी आणि बाहेरून निळं, हे मला तरी बघवलं नसतं. चौकटी रंगवल्या, इंजिनाकडची बाजू सोडली. पैसे ठरवताना हे आधीच बोलून घ्या, कारण त्याने मजुरी चांगलीच वाढते.

आधी साबणाने धुवा, मग ग्रीस काढायच्या द्रावणाने पुसा. पुसताना दोन फडकी हवीत: एकाने ओलं पुसायचं, ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. एकाच फडक्याने पुसलं तर चिकटा इकडचा तिकडे होतो. हे घासायच्या आधी करायचं, नाहीतर तेलकटपणा घासून रेघांत भरला जातो. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसू नका, मागे तेलकट थर राहतो. डॅशबोर्ड चमकवायच्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं. त्याचा एक थेंब उडाला तरी ताज्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. तो स्प्रे गॅरेजात कुणी वापरत असेल तर त्याला गोड बोलून बाहेर पाठवा.

मग घासणं. साध्या रंगासाठी ८०० नंबर, मेटॅलिकसाठी १०००, रबरी ठोकळ्यावर गुंडाळून, पाणी मारत. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या चऱ्या पडतात आणि त्या गडद रंगात लख्ख दिसतात. कडा, कोपरे आणि दारावरच्या रेषा मात्र कागदाने नाही, राखाडी स्कॉचब्राइटने हाताने घासा. कडेवर थर पातळ असतो, कागद दोनदा फिरला की खालचं प्रायमर उघडं पडतं. पडलंच तर तेवढ्या जागेवर प्रायमर मारा. पत्रा दिसला तर आधी इपॉक्सी प्रायमर.

किती घासायचं? चमक संपेपर्यंत. मामा पाणी पुसून टॉर्च जवळजवळ पत्र्याला टेकवून आडवी धरायचे. त्या उजेडात संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसत आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी चमकणारा ठिपका. "ह्यो ठिपका दिसतोय न्हवं? इथंच सुटणार." तो ठिपका जाईपर्यंत घासायचं. मी एक बॉनेट घासलं, अडीच तास गेले आणि दुसऱ्या दिवशी खांदा वर होईना.

घासून झालं की भरपूर पाण्याने धुवा, फटींतलं पाणी हवेने फुंकून काढा. आरशाच्या भोकात दडलेला एक थेंब नेमका क्लिअर मारताना बाहेर येतो.

## सीलर, बेस, क्लिअर

कुठे कुठे प्रायमर उघडं पडलं असेल किंवा खालच्या रंगाबद्दल जराही शंका असेल तर टू-के सीलरचा एक पातळ हात द्या. तो नव्या थिनरला खाली जाताना अडवतो आणि रंगाला सगळीकडे सारखा पाया देतो. पक्का वाळलेला, सलग रंग असेल तर सीलर नसला तरी चालतं. माझ्या गाडीचा पूर्वेतिहास बघता मामांनी विचारलंही नाही, मारला.

बेसचा पहिला हात हलका, जवळजवळ कोरडा, पलीकडचं दिसेल इतका. इथेच बहुतेकांची चूक होते. पहिल्याच हातात झाकायला बघतात, रंग ओला ओततात, आणि तेवढं थिनर खालच्या थरात मुरतं. प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा, ओली चकाकी जाऊन पृष्ठभाग सगळीकडे मळकट दिसला की पुढचा हात. गन पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटर, आधीच्या पट्ट्यावर पुढचा पट्टा निम्मा चढलेला. मेटॅलिक असेल तर शेवटचा हात जरा लांबून, हलका, म्हणजे ढगाळ डाग पडत नाहीत. उन्हाळ्यात हळू उडणारं थिनर, थंडीत लवकर उडणारं. हे दुकानदाराला विचारून घ्या.

सुरकुती दिसली तर? तिथल्या तिथे थांबा. त्यावर आणखी रंग मारून झाकायचा प्रयत्न करू नका. वाळू द्या, तेवढा भाग सपाट घासा, सीलर मारा, मग पुढे चला. आमचा दरवाजा मात्र इतका गेला होता की तो पत्र्यापर्यंत नेऊन प्रायमरपासून केला.

क्लिअरचे दोन हात, मध्ये दहा मिनिटं. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच. बरेच दोनास एक असतात, पण अंदाजाने ओतू नका, मापाचा पेला वापरा. "लवकर वाळावं म्हणून जरा जास्त घाला" हा सल्ला देणारे भेटतात. जास्त हार्डनरने लवकर वाळत नाही, क्लिअर ठिसूळ होतं. शेवटचा हात थोडा आवळला, पण पूर्ण कडक झाला नाही, की चिकटपट्ट्या काढा, मागे तिरक्या ओढून. दुसऱ्या दिवशी काढल्या तर कडेला तुकडे निघतात.

हे सगळं घरच्या पार्किंगमध्ये करावं का? घासणं करा, रंग मारणं नको. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासातून गेले की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे थोडासा वासही पुरतो. तोंडावर रुमाल किंवा धुळीचा मास्क याला काहीच अडवत नाही. बाहेरून नळीने ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. शिवाय थिनरची वाफ आणि पेटलेला गॅस गिझर हे एका इमारतीत असणं बरं नव्हे.

## पुढचा महिना

काम बूथमध्ये भाजलेलं असेल तर एक-दोन दिवसांनी धुळीचे कण, ओघळ २००० नंबरने घासून रबिंग करून घेता येतात. मेणाचं पॉलिश मात्र दीड-दोन महिने नको, आतलं थिनर बाहेर पडायला वाट हवी असते. गाडीला कापडी कव्हर घालू नका, ते घासतं आणि दमटपणा धरून ठेवतं. झाडाखाली लावू नका. पक्ष्याची शीट ताज्या क्लिअरवर तासाभरात डाग पाडते. पडलीच तर खरवडू नका, पाण्याने भिजवून उचला.

उरलेल्या बेसमधला शंभर मिली काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करा आणि बाटलीवर शेड कोड, फॉर्म्युल्यातली ग्रॅमची यादी, तारीख चिकटवा. ही यादी दुकानदाराकडून त्याच दिवशी मागा, वर्षभराने त्याला आठवत नाही.

आमची गाडी आता निळी आहे. डिकीच्या दाराच्या आतल्या कडेला, जिथे थिनरची परीक्षा घेतली होती, तिथे दोन बोटं बदामी मी तशीच ठेवायला सांगितली. आई सामान ठेवायला डिकी उघडते तेव्हा तिचं लक्ष तिकडे जातं, आणि दर वेळी ती म्हणते, "हाच बरा होता की रे."